सेल नवे, बल्ब नवा, तरी उजेड नाही: पावसाळ्यातल्या सर्किटचं नेहमीचं दुखणं

तक्रार दरवर्षी तीच असते आणि जुलैपासून चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) तिचा जोर जास्त असतो. "टीचर, काल पेटत होता, आज पेटत नाही." सर्किट अगदी साधं: दोन सेल, एक प्लग की (पितळी बूच घालून सर्किट जोडायचं बटण), टॉर्चचा छोटा बल्ब, चार वायरी. कधी बल्ब मुळीच पेटत नाही. कधी आतली तार नुसती लालसर होते. कधी एखादी वायर दाबून धरली की छान पेटतो आणि बोट काढलं की विझतो. मग मुलं सेल बदलतात, बल्ब बदलतात, पुन्हा सेल बदलतात. तास संपतो, जर्नलमध्ये शेजाऱ्याचं रीडिंग उतरतं.

नववी-दहावीच्या मुलांसाठी आणि लॅबमध्ये त्यांच्यामागे उभं राहणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहितोय. वस्तू बदलत बसू नका. व्होल्टेज नेमकं कुठे पडतंय ते मीटरने शोधा. बहुतेक वेळा दोष सेलमध्येही नसतो आणि बल्बमध्येही नसतो. तो मधल्या, कुणी लक्ष न देणाऱ्या जागी असतो.

"मीटर १.४ दाखवतो, मग सेल चांगलाच ना?"

हा प्रश्न आधी निकालात काढू, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. व्होल्टमीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, फार मोठा असतो. साध्या डिजिटल मल्टिमीटरचाही तो दहा लाख ओहमच्या घरात किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे मोकळ्या सेलला मीटर लावला की सेलमधून करंट जवळजवळ वाहतच नाही, आणि बसून राहायचं असेल तर संपत आलेला सेलही १.४ व्होल्ट दाखवतो. काम करायला लावलं की खरं कळतं.

सेलच्या आतही रोध असतो. नवा असताना तो एक ओहमच्याही खाली असतो. वापरून, पडून, दमट कपाटात राहून तो कित्येक ओहम होतो. करंट वाहू लागला की तेवढं व्होल्टेज सेल आतल्या आतच खातो आणि बाहेर कमी देतो. म्हणून सेल तपासायचा तर त्याला बल्ब जोडून, बल्ब चालू असतानाच त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. बल्ब लावताच १.४ चं १.३ झालं तर सेल ठीक. ०.८ वर आलं तर तो भिंतीवरच्या घड्याळात घाला, तिथे अजून काही महिने चालेल. घड्याळाला करंट लागतोच किती!

काही मुलं अँमीटर (करंट मोजायचा मीटर) थेट सेलच्या दोन टोकांना लावून "करंट किती येतो" बघतात. हे करू नका. का, ते पुढे येतंय.

मीटर घेऊन सर्किटभर फिरा

प्लग की बंद करा, म्हणजे सर्किट पूर्ण असू द्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. काळी वायर कॉममध्ये, लाल व्होल्टच्या भोकात. आता एकेका तुकड्याच्या दोन टोकांना मीटर लावत जा: बॅटरी, बल्ब, की, मग प्रत्येक वायर. वायर मोजताना तिची दोन्ही टोकं जिथे जिथे जोडली आहेत त्या स्क्रूंवर मीटर टेकवा, नुसत्या वायरवर नाही, म्हणजे जोडही मोजला जाईल.

एका फेरीत, म्हणजे बॅटरीतून निघून परत बॅटरीत येणाऱ्या एकाच वाटेवर, करंट सगळीकडे सारखाच असतो. पहिल्या बल्बने करंट "वापरला" आणि दुसऱ्याला कमी उरला, असं होत नाही, पण मुलांच्या डोक्यातून ही कल्पना निघता निघत नाही. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग आठवा. धक्क्यावर गाड्या ज्या वेगाने चढतात, त्याच वेगाने मागची सगळी रांग सरकते, मागे रस्ता कितीही रुंद असो. एका जागचा अडथळा सगळ्यांचा वेग ठरवतो. सर्किटमध्ये ज्या जागी असा अडथळा असतो, त्या जागेच्या दोन टोकांवर व्होल्टेज दिसतं. जिथे रोध नाही तिथे ते शून्य असतं. व्होल्टेज म्हणजे रोध गुणिले करंट, आणि करंट तर सगळीकडे एकच. तेव्हा जास्त व्होल्टेज जिथे, तिथे जास्त रोध. ओहमचा नियम पाठ सगळ्यांना असतो, दोष शोधायला तो वापरणारे थोडे.

एक उदाहरण घेऊ. बल्ब २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा. दोन सेल मोकळे असताना ३.० व्होल्ट. की लावली, बल्ब मंद पेटला. मोजल्यावर हे आकडे आले: बॅटरीच्या टोकांवर २.६, बल्बवर १.७, कीवर ०.६, एका वायरच्या जोडावर ०.३, बाकी सगळीकडे शून्य. करंट ०.२४ अँपिअर.

बेरीज करा. १.७ आणि ०.६ आणि ०.३ मिळून २.६. बॅटरी जेवढं देते तेवढं फेरीभर वाटलं गेलंच पाहिजे. बेरीज जुळली नाही तर एखादी जागा मोजायची राहिली आहे. आता भागाकार करा. की म्हणजे ०.६ भागिले ०.२४, अडीच ओहम. पितळेची चांगली की असती तर तिचा रोध मोजायलाही सापडला नसता. जोड सव्वा ओहम. सेलच्या आत ०.४ व्होल्ट गेले, म्हणजे दोन सेलचे मिळून सुमारे १.७ ओहम, म्हणजे सेल मध्यम आहेत, फेकायचे नाहीत.

की आणि जोड घासून घेतले तर? करंट वाढून ०.३ होतो, सेल आत अर्धा व्होल्ट खातात आणि उरलेले अडीच व्होल्ट सगळे बल्बला मिळतात. आधी बल्ब ०.४ वॉट घेत होता, आता ०.७५. पॉवर दुप्पट होत नाही, पण उजेड दुपटीहून बराच जास्त वाढतो, कारण तार अधिक तापली की तिच्या उष्णतेतला प्रकाशाचा वाटा भराभर वाढतो. सेल तेच, बल्ब तोच.

बल्ब मुळीच पेटत नसेल तर शोध उलट सोपा होतो. जिथे सर्किट तुटलेलं आहे, तिथे करंट शून्य आणि बॅटरीचं सगळं व्होल्टेज त्या तुटलेल्या जागेच्या दोन टोकांवर. कीवर ३ व्होल्ट दिसले: की नुसती ठेवली आहे, बसलेली नाही. बल्बच्या होल्डरच्या दोन स्क्रूंवर ३ दिसले आणि बल्ब काळोखा: बल्ब गेला, किंवा होल्डरच्या तळाची पट्टी बल्बला टेकत नाही. ती पट्टी सेल काढून थोडी वर उचला. निम्म्या "फ्युज" बल्बांचा जीव तिथेच परत येतो. बॅटरीच्या टोकांवरच जवळजवळ शून्य दिसत असेल आणि सेल कोमट लागत असतील, तर कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब एक सेल काढा.

व्होल्टमीटर चुकून एकसरीत, म्हणजे बल्बच्या मागोमाग त्याच फेरीत, जोडला तरी हेच दिसतं: मीटर ३ दाखवतो, बल्ब काळोखा. "व्होल्टेज तर येतंय!" असं ओरडू नका. फेरीत सगळ्यात मोठा रोध आता मीटरच आहे, म्हणून सगळं व्होल्टेज त्याच्यावर.

पावसाळ्यातच का

गोव्यात पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता दिवस दिवस ८०-९० टक्क्यांवर असते. त्यात किनाऱ्याची हवा खारी. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेच्या पुढे हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. म्हणजे काणकोणच्या किंवा पेडण्याच्या किनाऱ्याजवळच्या शाळेत पितळेच्या स्क्रूवर मिठाचे बारीक कण बसले असतील, तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तिथे खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच असं धरून चाला. डिचोली-सत्तरीत समुद्र लांब असला तरी मुलांच्या बोटांना घाम असतो, आणि घामातही मीठ असतं. तांबं काळवंडतं, मग हिरवट होतं. पितळेवर मळकट पापुद्रा येतो. सेलच्या डबीतली स्प्रिंग लोखंडी असते, तिचा मुलामा उडाला की गंज. हे थर वीज नीट वाहू देत नाहीत. चिऱ्याच्या भिंतीला लागून असलेलं लॅबचं कपाट तर ओलीचं माहेरच.

२३० व्होल्टच्या सर्किटमध्ये एखाद-दोन ओहम इकडे तिकडे झाले तर नऊ वॉटच्या दिव्याला पत्ता लागत नाही. पण इथे सगळे मिळून तीन व्होल्ट, आणि बल्ब आठेक ओहमचा. त्याच्यासमोर अडीच ओहमची की म्हणजे मोठीच गोष्ट.

उपाय स्वस्त आहे. बारीक पॉलिश पेपरचा छोटा तुकडा घ्या आणि वायरीची टोकं, स्क्रूच्या खालच्या चकत्या, कीचं पितळी बूच आणि ते ज्या भोकात बसतं त्याच्या कडा घासा. सगळं चकचकीत करायची गरज नाही, जिथे धातूला धातू टेकतो तेवढंच. बूच भोकात घालताना दाबून थोडं फिरवा. फिरवल्याने तो थर खरवडला जातो. वायरीचे मोकळे तंतू पीळ देऊन एकत्र करा आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने गुंडाळा, नाहीतर आवळताना ते बाहेर येतात.

डबीत पांढरं किंवा हिरवट काही साठलं असेल तर सेल गळला आहे. बोट लावू नका. अल्कलाईन सेलची गळती अल्कधर्मी असते. कापसावर थोडं विनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसलं की ती निघते. साध्या झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिला ओलं फडकं पुरे. मग कोरडं करून घासा. प्रात्यक्षिक संपलं की सेल डबीतून काढून ठेवायची सवय लावली तर हे काम पडतच नाही. सेल काढायला अर्धं मिनिट लागतं, पण घंटा झाली की कोण थांबतो!

बाकीचे नेहमीचे यशस्वी

विद्युतचुंबकाच्या प्रयोगात खिळ्यावर तार गुंडाळली, सेल लावला, टाचणी उचलत नाही. ती तांब्याची तार उघडी दिसते, पण तिच्यावर व्हार्निशचा पारदर्शक थर असतो. दोन्ही टोकं इंचभर खरवडून काढा. दुसरं काही करायचं नाही.

एलईडीला एक सेल लावला आणि काही झालं नाही, तर काहीच बिघडलेलं नाही. लाल एलईडीला सुमारे १.८ ते २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या-निळ्याला तीनच्या आसपास. एका सेलने ते पेटणारच नाहीत. लांब पाय धन बाजूला. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला लाल एलईडी थेट लावू नका, मध्ये ४७० ओहमचा रोध घाला: नऊमधून दोन गेले सात, सात भागिले ४७०, म्हणजे १५ मिलिअँपिअर, छान पेटतो. आणि त्याच चौकोनी बॅटरीवर मोटर चालवायचा नाद सोडा. आकडा मोठा दिसला तरी तिचा अंतर्गत रोध बराच असतो. चवथीच्या देखाव्यातली मोटर फिरवायची तर त्यापेक्षा मोठे दीड व्होल्टचे सेल एकसरीत घ्या.

पॉवर बँकेवर प्रोजेक्ट लावला तर तो थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो. बऱ्याच पॉवर बँका करंट फार कमी दिसला की मोबाईल चार्ज झाला असं समजून स्वतःला बंद करतात. एका एलईडीचा करंट तिच्या खिजगणतीत नसतो. मोबाईलची जुनी सुटी बॅटरी मात्र प्रयोगाला वापरूच नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

रिओस्टॅटचा (रोध कमी-जास्त करायच्या साधनाचा) सरकता हात कितीही हलवला तरी अँमीटर ढिम्म: खालचे दोन्ही स्क्रू वापरलेत. मग तारेची पूर्ण लांबी कायम सर्किटमध्येच राहते. एक खालचा आणि एक वरच्या दांडीचा घ्या.

मल्टिमीटर व्होल्टेज बरोबर दाखवतो पण करंट नेहमी शून्य? आतला फ्यूज उडाला आहे. कुणीतरी करंटच्या सेटिंगवर ठेवून तो थेट सेलला लावला. अँमीटरचा रोध जवळजवळ शून्य, म्हणजे तो सेलला शॉर्टच. मीटर भंगारात टाकण्याआधी मागचं झाकण उघडून फ्यूज बघा. तेवढ्याच क्षमतेचा नवा घालायचा, तार नाही.

ओहमच्या नियमाचा आलेख सरळ येत नाही

रोध म्हणून टॉर्चचा बल्ब वापरला असेल तर तो सरळ येणारच नाही. टंगस्टनची तार पेटल्यावर तिचा रोध थंड असतानाच्या सुमारे दहापट होतो. म्हणून तोच बल्ब मल्टिमीटरने मोजला तर एखादा ओहम दाखवतो, आणि पेटलेला असताना २.५ भागिले ०.३ केलं तर आठाच्या वर येतात. दोन्ही बरोबर. सरळ रेषेसाठी नायक्रोमची तार घ्या आणि तीही तापू देऊ नका.

आलेखातले बिंदू वर-खाली उडत असतील तर की लावूनच ठेवू नका. रीडिंग घ्या, की काढा, लिहा, रिओस्टॅट हलवा, मग पुन्हा की. सेल चालू राहिला की त्याचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, आणि तुमचं पहिलं आणि शेवटचं रीडिंग जणू वेगवेगळ्या सेलवरचं होतं. ज्याच्या नावाने हा नियम आहे त्या गेओर्ग ओहमलाही हेच नडलं होतं. त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच घसरायचं. शेवटी त्याने बॅटरी बाजूला ठेवली आणि बिस्मथ-तांब्याची जोडी वापरली, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. व्होल्टेज इवलंसं, पण स्थिर. त्यावरून निघालेला नियम १८२७ च्या त्याच्या पुस्तकात आला. तेव्हा आलेख बिघडला म्हणून आकडे "दुरुस्त" करू नका, पद्धत दुरुस्त करा.

घरातलं सर्किट

तेच गणित घरी लावून बघा. २००० वॉटच्या गीझरचा रोध २३० व्होल्टवर सुमारे २६ ओहम. त्याच्या प्लगमध्ये गंजून अडीच ओहमचा जोड तयार झाला तर करंट आठ अँपिअरच्या जवळ, आणि त्या जोडावर दीडशे वॉटहून जास्त उष्णता, नखाएवढ्या जागेत. इस्त्रीचा किंवा गीझरचा प्लग तपकिरी होऊन जळका वास येतो तो याच कारणाने. तिथे पॉलिश पेपर घेऊन जाऊ नका. मेन स्विच बंद करा, मोठ्यांना सांगा, वायरमनकडून प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलून घ्या. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

आता मुलांना सगळ्यात जास्त मोह होतो ती जागा: माटोळीभोवतीची (चवथीला गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती) किंवा दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या अंगावरची दिव्यांची माळ. थेट प्लगला लावायच्या माळेत दिवे एकसरीत असतात. एक गेला की त्या ओळीतले सगळे विझतात, आणि माळ मेली असं वाटून हात होल्डरमध्ये जातो. वर सांगितलेलं आठवा: तुटलेल्या जागेच्या दोन टोकांवर बॅटरीचं सगळं व्होल्टेज येतं. इथे बॅटरीच्या जागी २३० व्होल्ट आहेत. एकही दिवा पेटलेला नसताना, त्या एका रिकाम्या होल्डरमध्ये पूर्ण २३० बसलेले असतात. भिंतीचं बटण बंद करून भागत नाही, कारण बटण चुकीच्या वायरवर असू शकतं; प्लग काढून हातात घ्या, मगच माळेला हात लावा. आणि इथे मीटर घेऊन फिरायचं नाही, ते तीन व्होल्टच्या टेबलावरच.

माळ उसवून बघायची हौसच असेल तर सेलवर चालणारी, तांब्याच्या बारीक तारेची घ्या. तिच्यातले एलईडी बहुतेक समांतर जोडलेले असतात. एक गेला तरी बाकीचे पेटत राहतात. सगळेच एकदम गेले तर एलईडी तपासू नका, सेलच्या डबीची स्प्रिंग बघा.